पाचव्या बाटलीचा शेरा

डिसेंबर लागला की मला मेसेज येऊ लागतात. सोसायटीतल्यांचे, ऑफिसातल्यांचे, आम्ही बेंगळुरूतच मारतहळ्ळीला राहत होतो तेव्हाच्या शेजाऱ्यांचे. थर्टी फर्स्टला कुठली घेऊ? खरी शॅम्पेन घ्यावी का? एवढे पैसे टाकण्यात अर्थ आहे का? माझ्याकडे या विषयाची एक वही आहे आणि वहीवाली बाई म्हणून माझं थोडंफार नावही आहे, त्यामुळे उत्तरं तयार असतात. शॅम्पेन फक्त फ्रान्समधल्या एका प्रांतातली. नाव हवं असेल तर जरूर घ्या. नुसती चव हवी असेल तर त्याच पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेली स्पॅनिश किंवा आपली नाशिककडची घ्या. त्या पैशांत दोन-तीन येतील आणि बहुतेक पाहुण्यांना फरक कळणार नाही. लेबलवर ‘ब्रूट’ असेल तर गोडी कमी. ‘एक्स्ट्रा ड्राय’ला फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. उंच अरुंद ग्लासांवर खर्च करू नका, साध्या वाईनच्या ग्लासात वास चांगला येतो. उघडताना बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची, बूच नाही.

हे सगळं मी आजही सांगते. पण दोन वर्षांपासून त्याआधी एक प्रश्न विचारते: आणल्यावर ठेवणार कुठे? किती बारीक विचार करते ही, असं लोकांना वाटतं. तो प्रश्न माझ्याकडे कसा आला ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे.

माझी ताई मिरजेला असते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, एकटी. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसल्यामुळे अर्धी मिरज तिला तोंडावरून ओळखते. दर रविवारी अकरा वाजता आमचा फोन ठरलेला. माझं वाईनचं वेड सुरू झाल्यापासून ती फोनवर आधी तेच विचारायची, “मग, या आठवड्यात काय चाखलंस?” तिने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. तरी मी सांगायची आणि ती मध्ये थांबवून विचारायची, “थांब, ब्रूट म्हणजे कमी गोड ना? आणि ते बाटलीत आंबवलेलं लेबलवर कुठं लिहितात?” मला वाटायचं, मला समजावून सांगण्याची हातोटी आहे. ती का विचारते हा प्रश्न मला पडला नाही. कुणीतरी विचारतंय, एवढं मला पुरत होतं.

माझा पन्नासावा वाढदिवस जूनमध्ये होता. मी घरीच चाखण्याचा कार्यक्रम ठेवला: आठ पाहुणे, चार बाटल्या, प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर फक्त नंबर. लेबल दिसलं की माणूस जिभेने चाखत नाही, हे माझं आवडतं वाक्य. गुंडाळण्याचं काम नवऱ्याकडे, म्हणजे मलाही कळू नये. प्रत्येकाने नोंद करायची आणि शेवटी मी माझी वही वाचून दाखवायची. वहीत चार रकाने असतात: वास, बुडबुडे, चव आणि कुणाला द्यावी. शेवटचा रकाना लोकांना फार आवडतो. तिथे मी ‘नव्या बॉसला’, ‘सासूबाईंच्या भिशीला’ असलं काहीबाही लिहिते आणि ते वाचताना सगळे हसतात.

ताई त्याच दिवशी सकाळी आली. स्टेशनवर नवरा गेला होता. तिथून सर्जापूर रोडला पोचायला त्यांना दीड तास लागला. ती आल्या आल्या आंघोळीला गेली आणि मी दूध काढायला फ्रिज उघडला. भाजीच्या कप्प्यात इरकली साडीच्या कापडाची, घरी शिवलेली एक पिशवी आडवी ठेवली होती. नाडीतून बाटलीचं तोंड दिसत होतं, सोनेरी कागद लावलेलं. मी पिशवीला हात लावला नाही. दूध घेतलं आणि फ्रिज बंद केला. संध्याकाळी टेबलावर कन्नड पेपरात गुंडाळून रबर लावलेल्या पाच बाटल्या दिसल्या तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, “चार होत्या ना?”

“पाचवी सरप्राईज आहे,” तो म्हणाला. मागे सोफ्यावर ताई नवी साडी नेसून, हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पहिल्या चार बाटल्या छान गेल्या. समोरच्या फ्लॅटमधले काका आमच्याकडच्या प्रत्येक कार्यक्रमाला असतात. ते मूळ बेळगावचे, आनेकलकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, वयाने मोठे असूनही मला अक्का म्हणतात. दुसऱ्या ग्लासाला ते म्हणाले, “अक्का, तुम्ही म्हणताय ते लिंबाच्या सालीचं मला काय सापडंना. स्वल्प अजून घाला, शोधतो.” ताई मोठ्याने हसली. तिला मी प्रत्येकातलं घोटभर दिलं होतं. ती ओठ लावायची आणि ग्लास खाली ठेवायची.

पाचवी ओतली तेव्हा ग्लासाजवळ नाक नेण्याआधीच काहीतरी चुकलंय हे कळलं. रंग पिवळट तपकिरी होता, बुडबुडे थकलेले. वास कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. बाटली उष्णतेने गेली होती. मी वहीत लिहायला घेतलं आणि त्या संध्याकाळचं माझं सगळ्यात चांगलं वाक्य पेनातून आपोआप उतरलं. ते लिहून झाल्यावर मी मान वर केली. ताई थोडी पुढे झुकून बसली होती. आमच्या शाळेचा निकाल लागायचा तेव्हा ती गेटाशी अशीच उभी असायची. फक्त तेव्हा निकाल माझा असायचा.

मी वाचलं. “पाच नंबर. वास: शिळ्या सफरचंदाच्या फोडी. बुडबुडे: आले आणि पश्चात्ताप झाला. चव: त्याच फोडींवर कुणीतरी सोडा ओतलाय. कुणाला द्यावी: जे पाहुणे परत येऊ नयेत असं वाटतं, त्यांना.”

खोली फुटल्यासारखी हसली. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण टाळ्या वाजवत म्हणाली, “हे फ्रेम करून लावायला पाहिजे!” ताईसुद्धा हसत होती, जरा उशिरा सुरू झाल्यासारखी.

मग नवऱ्याने रबर काढले. त्याचा चेहरा उतरला होता, पण नियमाप्रमाणे पाचही उघडाव्या लागणार होत्या. शेवटचा पेपर निघाला आणि मैत्रीण ओरडली, “अगं, ही तर तुझीच! तूच नाही का मला घ्यायला लावलीस?” खरंच होतं. नाशिककडची, बाटलीत आंबवलेली, ब्रूट. माझ्या वहीत ‘पैसे वसूल’ या पानावर ती पहिल्या ओळीत होती. आता हसू माझ्याकडे वळलं. वहीवाली बाई स्वतःची आवडती बाटली ओळखू शकत नाही! एवढ्याने काय बिघडलं असतं? मी पण हसले असते की विषय संपला असता. त्याऐवजी मी म्हणाले, “वाईन चांगलीच आहे. ही कुणीतरी नीट ठेवलेली नाही. उन्हाळाभर गरम जागी ठेवली असणार. इतकं साधं कळायला हवं.”

“कपाटात ठेवली होती,” ताई म्हणाली. “गाद्यांच्या मागं. कुणाला दिसू नये म्हणून.”

कुणीतरी उगाच पेपरची घडी घालू लागलं. मग बेळगावच्या काकांनी आपला ग्लास ताईपुढे धरला. “मला चालतंय की हो, ताई. घाला अजून.” ताईने ओतली. त्यांनी ती सगळी प्यायली, तोंड वाकडं न करता, आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे. वाढदिवसाची आहे.”

नंतर स्वयंपाकघरात नवऱ्याने मला बाकीचं सांगितलं, प्लेटा विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून. गाडीत दीड तास ताई तेच सांगत होती. मिरजेत वाईन शॉपमध्ये जाणं शक्यच नव्हतं, म्हणून फेब्रुवारीत ती एसटीने कोल्हापूरला गेली. रविवारच्या फोनवर उतरवून घेतलेली चिठ्ठी पर्समध्ये होती. दुकानाच्या जाळीपुढे पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. दुकानदाराने पहिल्यांदा गोड गुलाबी काहीतरी पुढे केलं तर म्हणाली, ही नको, ब्रूट दाखवा. मग चष्मा लावून लेबल वाचलं, बाटलीत आंबवल्याचं कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा म्हणाली. मागचा एकजण म्हणाला, “मावशी, लगीन ठरवायला आलाय का?” त्यावर ती म्हणाली, “होय, तुमचं.” हे सगळं ती बाटलीवरचा पेपर निघाल्यावर आम्हाला सांगणार होती. तिने ते पाठ केलं होतं.

“स्पर्धेत ठेवायचं तिनेच सांगितलं,” नवरा म्हणाला. “म्हणाली, तिच्याच नियमानं घेतलीय, नापास कशी होईल?”

“मला काय माहीत ती ताईची आहे?” मी म्हणाले.

“तेच म्हणतोय. तुला माहीत असतं तर तू सांभाळून घेतलं असतंस.”

मी हो म्हणाले.

ठेवायचं कसं, हे मी ताईला कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या चिठ्ठीभर नियमांत ती ओळ नव्हती. बेंगळुरूच्या हवेत बाटली पलंगाखाली सरकवून ठेवली तरी काही महिने काही होत नाही, म्हणून मला ते सुचलं नव्हतं. मिरजेचा एप्रिल आणि मे, पश्चिमेच्या भिंतीचं कपाट, गाद्यांची ऊब. उरलेले नियम तिने माझ्या शब्दाबरहुकूम पाळले होते.

ताई ठरल्याप्रमाणे चार दिवस राहिली. पोहे केले, माझ्या कुंड्यांतली माती बदलली. निघताना मी म्हणाले, “ताई, त्या दिवशी मला माहीत नव्हतं हं.” ती म्हणाली, “त्याचं काय एवढं? चव ती चव.” त्यानंतर रविवारचे फोन चालू राहिले, अकरालाच, पण त्यांत वाईन आली नाही. दिवाळीला बोलावलं तर गुडघे दुखतात म्हणाली. पुढच्या वाढदिवसाला गाडीचं तिकीट मिळत नाही म्हणाली. तिकीट मी काढून पाठवते म्हटल्यावर म्हणाली, “बघू. ठेवते आता, दूधवाला आलाय.” अकरा वाजता कुठला दूधवाला?

जे पाहुणे परत येऊ नयेत असं वाटतं. ते पान मी फाडलं नाही. पान फाडलं की अनुक्रम बिघडतो, हे कारण मी स्वतःला दिलं.

या जानेवारीत मी मिरजेला गेले. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि त्यात तीच बाटली, त्याच लेबलची. दुपारी ताई शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले आणि दोन शेंगा फोडल्या. मग सांगितलं, “ताई, पाच नंबर तुझी आहे हे मला माहीत होतं. सकाळीच फ्रिजमध्ये पिशवी बघितली होती.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

“पिशवी बघितली ते?”

“पिशवीचं नाही. तुला माहीत होतं, ते. वाचायच्या आधी तू माझ्याकडं बघितलंस की. मी मनात म्हटलं, आता ही पान उलटणार. तू चष्मा नीट केलास आणि वाचलंस.”

तिच्या आवाजात राग नव्हता. पोस्टात चुकीच्या पत्त्याचं पाकीट परत करताना ती असंच सांगत असेल. दीड वर्ष मी तिच्याशी फोनवर जे खोटं सांभाळत होते, ते तीही माझ्यासाठी सांभाळत होती. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी शेंगांची टरफलं गोळा करत राहिले.

“आणलीयस ना काहीतरी त्या डब्यात? उघड,” ती म्हणाली.

मी बूच धरलं, बाटली फिरवली. सरबताच्या काचेच्या ग्लासांत ओतली. रंग फिका होता, बुडबुडे बारीक आणि चिवट, वास हिरव्या सफरचंदाचा. ताईने या वेळी नुसते ओठ लावले नाहीत, घोट घेतला. डोळे मिटले, खांदे वर गेले.

“आंबटढाण आहे गं. ह्याच्यासाठी मी कोल्हापूरला गेले होते?”

“ह्याच्यासाठीच.”

“आणि ही चांगली म्हणायची?”

“खूप चांगली.”

तिने आणखी एक घोट घेतला, औषधासारखा. मग विचारलं, “आता वहीत काय लिहिशील? तो तुझा शेवटचा रकाना असतो ना. कुणाला द्यावी. तिथं काय लिहिशील?”

वही पर्समध्ये होती, पेनही होतं. मी पर्सला हात लावला नाही. “सुचत नाही,” मी म्हणाले.

“मग नको लिहूस.”

निघायच्या आधी मी विचारलं, जूनमध्ये येशील का? ताई म्हणाली, “बघू. उन्हाळा तर जाऊ दे.” उरलेली बाटली तिने माझ्यासमोर फ्रिजमध्ये ठेवली, कुठल्याही पिशवीत न घालता, दुधाच्या पातेल्याशेजारी. दार उघडलं की कुणालाही दिसेल अशी.