ज्योतिबा आप्पांचा सांधा

दोराला गाठ मारणं म्हणजे अडाणीपणा, हे ज्योतिबा आप्पांचं ठाम मत. तुटलेल्या दोराचे पीळ उकलायचे, एकमेकांत गुंफायचे, तीन फेऱ्यांत सांधा पक्का. मेंढ्या कोंडायच्या जाळीपासून, म्हणजे वाघरीपासून, बैलाच्या कासऱ्यापर्यंत गावातले सगळे सांधे त्यांच्या हातचे, आणि त्याची मिजासही बरीच. टोकं सुतळीनं गुंडाळा असं कुणी सुचवलं, की म्हणायचे, "माझ्या सांध्याला टेकू लागत न्हाई."

आमच्याकडे भीमा नदीच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर तालुका. ग्रामपंचायतीची होडी बाळासो चालवतो, तिच्यातून बाया पलीकडे कांदा काढायला जातात. ती होडी काठाला बांधायचा नायलॉनचा दोर तुटला, तो आप्पांनी सांधून दिला. नेहमीच्या तीन फेऱ्या. अंबाडीचा दोर भिजला की फुगून आवळतो. नायलॉन गुळगुळीत, त्याला जास्त फेऱ्या लागतात आणि वरून करकचून सुतळी. आप्पांनी आयुष्य अंबाडीवर काढलेलं, आणि विचारायचा कमीपणा कोण घेणार?

बाया होडीत बसल्या, बाळासो वल्हं आणायला वळला आणि काठाला बांधलेली होडी सुटून धारेला लागली. नशीब, पुढं जलपर्णीत अडकली. धक्क्यानं पडून सोजराबाईचा हात मोडला, बाकीच्या धडधाकट आल्या.

होडी नीट बांधली नाही म्हणून सगळं गाव बाळासोवर तुटून पडलं. आप्पांनी दोराचं टोक बघितलं. पीळ मोकळे, तुटलेला एकही नाही. काय ते त्यांना कळलं, आणि ते गुपचूप घरी गेले. मला त्यांचा राग येतो तो इथं.

चार दिवसांनी ग्रामपंचायतीपुढं माणसं जमली, होडी बाळासोकडून काढून घ्यायचं ठरायला लागलं, तेव्हा कुठं आप्पा उठले.

"सांधा माझा निसटला. बाळासोचा दोष न्हाई."

लोक हसले. "तुमचा सांधा निसटतोय व्हय? बाळासोला वाचवायला बोलताय. मन मोठं हाय तुमचं, आप्पा."

या कौतुकानं आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नायलॉनचे दोन तुकडे मागवले, सगळ्यांदेखत तसाच सांधा घातला, बादलीत बुडवला आणि टोकं दोन गड्यांच्या हातात दिली.

"ओढा."

दोन-चार हिसक्यांत पीळ सुटले. कुणी हसलं नाही.

हात गळ्यात बांधून बसलेली सोजराबाई म्हणाली, "आप्पा, चार दिस ह्यो बाळासो शिव्या खात हुता. तवा कुठं हुता तुम्ही?"

बाळासोनं जमिनीवरचा दोर गोळा केला आणि आप्पांकडे न बघताच तो नदीकडे निघून गेला.