माझी क्लीन रूम

माझा हा गाढवपणा मी सहसा कुणाला सांगत न्हाई. पण चहा तुम्ही पाजताय, तर ऐका.

उदगीरला माझं लेथचं वर्कशॉप हाय. मळणीयंत्राचे शाफ्ट, मोटारीचे बुश, असली कामं. मागच्या साली पुण्याच्या एका कंपनीनं बारा झाकणं करायला दिली. टायटॅनियमची, बाटलीच्या बुचाएवढी. कशाची? तर जिथं सूर्याचं ऊन पुरत न्हाई तिथं जाणाऱ्या यानात अणूच्या उष्णतेवर वीज करतात, त्या डबीची. अणूबिणू आपल्याकडं येणार न्हाई, नुसतं झाकण. पण तिकडं झाकण ढिलं निघालं तर दुरुस्तीला कोण जाणार? म्हणून त्यांना भरवशाची माणसं पाहिजे होती. ही बारा पास झाली की कायमचं काम.

आमच्या रौफमिस्त्रींनी तीन आठवडे जीव ओतला. मग कंपनीच्या मॅडमचा फोन आला. "परवा तपासायला येते. पॅकिंग क्लीन रूममध्येच करायचं. आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की," मी म्हणलं.

क्लीन रूम म्हणजे स्वच्छ खोली. एवढं इंग्रजी मलाबी येतं.

रौफमिस्त्री म्हणले, "मालक, एकदा विचारून घ्या. त्यांचं क्लीन येगळं असंल."

"स्वच्छतेत येगळं काय असतंय?"

वर्कशॉपशेजारची खोली रिकामी केली. चुन्याचे दोन हात मारले. बायकोनं, सुनंदानं, फरशी तीनदा धुतली. भिंती वाळाव्या म्हणून मोठा पंखा लावला. चुन्याचा वास जाईना, म्हणून लोबान पेटवला. झाकणं ठेवायला लाल मखमल अंथरली. दारात रांगोळी. लग्नात एवढं केलं नव्हतं.

मॅडम आल्या. पांढरा कोट, टोपी, हातमोजे. मला वाटलं, माझ्या खोलीचा मान राखला. त्यांनी पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं.

"हे काय हाय?"

"हवेतली धूळ मोजतं. क्लीन रूममध्ये ती जवळजवळ नसावी लागते."

यंत्र चालू केलं आणि ते जे कोकलायला लागलं, थांबेचना. मॅडमनी भिंतीला बोट लावलं, ते पांढरं झालं. पंख्याकडं बघितलं. मखमलीचे तंतू चिमटीत धरले.

"आणि हा धूर?"

"लोबान. त्यानं हवा शुद्ध होती."

मॅडम यंत्र घेऊन रस्त्यावर गेल्या. नुकताच तुरीचा ट्रॅक्टर गेला होता. यंत्र गप झालं.

म्हणजे उदगीरच्या रस्त्याहून घाण जागा मी दोन दिवस खपून तयार केली होती.

आता लपवून काय उपयोग? मी म्हणलं, "मॅडम, क्लीन रूम काय असती, मला ठाऊक न्हाई. विचारायची लाज वाटली."

त्यांनी यंत्र बंद करून पिशवीत टाकलं. मग म्हणाल्या, "हेच तुम्ही फोनवर सांगायला हवं होतं. आमच्या कामात 'माहीत नाही' म्हणणारा माणूस चालतो. उगाच 'हाय की' म्हणणारा नाही चालत."

काम गेलं म्हणून समजलो. पण त्यांनी बाराच्या बारा झाकणं मोजली, नीट पारखली, आणि पॅकिंग पुण्यालाच करू म्हणत घेऊन गेल्या; पास का नापास, ते सांगितलंच न्हाई. आठ दिवस मला भाकर गोड लागली न्हाई.

मग कंपनीचा कागद आला, त्यावर मॅडमचा शेरा. सुनंदानंच फोडला आणि मोठ्यानं वाचला: "झाकणं उत्तम. काम यांच्याकडे चालू ठेवावे. साफसफाई मात्र यांना कधीही करू देऊ नये."

"अहो, बाई लई हुशार हाय," सुनंदा म्हणली. "मला हे कळायला दहा वर्षं लागली."