हट्ट्याच्या विहिरीतले गोटे

आक्काचा निरोप आला. विहिरीला दगड लागलाय, पुढं खणायचं का बुजवायची, तू येऊन सांग. मी हिंगोलीत पोरांना भूगोल शिकवतो, तेवढ्या भांडवलावर निघालो.

वसमतपर्यंत रेल्वे, तिथून हट्ट्याला बैलगाडी. गाडीवाला हाली, म्हणजे निजामी चलनातले, आठ आणे मागतो, सहावर येतो. कुणी जाणार असेल तर भाकरी बांधून न्यावी, वाटेत फुटाण्यांशिवाय काही मिळत नाही.

सकाळी विहिरीत उतरलो. वर काळी माती, खाली पिवळी, तळाला पांढुरका टणक दगड. इथवर माझा भूगोल ठीक होता. पण दगडात गुळगुळीत गोटे होते, लाडवात शेंगदाणे बसावेत तसे घट्ट. असे गोटे नदीत असतात आणि नदी तर कोसभर लांब. आधी गोटे की आधी दगड, मला काही केल्या उमगेना. गोंधळ लपवायला मी मोठ्यानं म्हणालो, "खडक लागला म्हणजे संपलं. बुजवा."

काठावरून वाकून पाहणाऱ्या आक्काचा चेहरा उतरला. नदीवरून पाणी वाहून तिची मान कायमची धरलेली.

खणणारा रामा टिकाव टेकून म्हणाला, "गुरुजी, काहून घाई करून राहिले? ह्यो नदीनंच केलेला दगड हाय."

"नदी दगड करते?"

त्यानं शिदोरीतलं लिंबू गोट्यांमधल्या पांढऱ्या भागावर पिळलं. बारीक फेस आला. "चुना. पुरानं गोटे आणले, वर गाळ बसला, झिरपत्या पाण्यातल्या चुन्यानं ते चिकटले. ह्याच्याखाली बराबर वाळू ऱ्हाते. वाळूत पाणी."

"अरे, नदी कुठं, विहीर कुठं?"

"तवा हितंच वाहत असंल."

थोडं पटलं, थोडं नाही. आक्कानं विचारलं, "तू काय म्हणतोस?"

"मला कळत नाही, आक्का." वर्गात हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. लाज वाटली.

ती रामाकडं वळली. "मंग खण बाबा."

मी दुसऱ्या दिवशी परतलो. आठवड्यानं दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, हिंगोलीला आले. त्यांनी काचेच्या बाटलीतून विहिरीचं पहिलं पाणी आणलं होतं, पार गढूळ. बाटली वर्गातल्या खिडकीत ठेवली. सकाळी गाळ तळाशी बसला होता, वर पाणी नितळ. रामानं सांगितलेलं मी पोरांना सांगितलं.

"गुरुजी, ह्याचा दगड व्हायला किती दिवस लागतील?" एका पोरानं विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. माझं ऐकलं असतं तर या वेळी आक्का नदीच्या वाटेवर असती.