तीनशे पटीनं हललेली भिंत

डोंगराच्या पोटात वीजघर बांधायचं असलं की खडकात एक अवाढव्य दालन कोरतात. भूकंप आला तर ते दालन टिकेल का, हे कॉम्प्युटरवर त्याला हादरे देऊन बघणं हा माझा धंदा. लग्नानंतर तो मी शिरूरला, सासरच्या जेवणाच्या टेबलावर मांडलाय. पुण्याच्या ऑफिसात महिन्यातून दोनदा जायचं. बाकीचे दिवस टेबलाच्या एका टोकाला मेथी निवडायला पसरलेली असते आणि दुसऱ्या टोकाला मी एक डोंगर हलवत असते. माझं माहेर दौंडचं. मी घरबसल्या डेटा एंट्री करते असं तिकडे अजून सगळ्यांना वाटतं. समजावायचा नाद मी सोडलाय.

नवरा तेव्हा कारेगावजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. शिफ्टला कंटाळला होता. मी ज्या दालनावर काम करत होते, त्याच प्रकल्पावर त्याला नोकरी लागली. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. माझ्या खडकात माझा नवरा काम करणार म्हणून मी तर हवेतच होते.

नोकरीचं पत्र आलं त्याच दिवशी स्क्रीनवर दालन हलतं ठेवून मी उतू जाणाऱ्या दुधाकडे पळाले. एवढ्यात सासूबाई मेथी घेऊन टेबलाशी आल्या. समोर काय, तर दालनाच्या भिंती आत फुगतायत, छत खाली येतंय आणि सगळं लालभडक झालंय. आता, भूकंपात अशा दालनाच्या भिंती खरं तर तांदळाच्या दाण्याएवढ्यासुद्धा आत येत नाहीत. तेवढं डोळ्याला दिसत नाही, म्हणून आम्ही तीनशे पट वाढवून दाखवतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात तसा आकडा बारीक अक्षरात असतो. रोज बघून बघून तो मलाही दिसेनासा झाला होता, त्यांना कुठून दिसणार?

त्यांनी मला काही विचारलं नाही. संध्याकाळी मुलाला म्हणाल्या, "त्या नोकरीला न्हाई म्हणून कळव." का, तर उत्तर नाही. त्यानं विचारलं, मी विचारलं, पण दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

बुधवारी दुपारी आमच्याकडे चर्चच्या भगिनी मंडळाची प्रार्थनासभा होती. त्यात प्रत्येकीनं आपापला प्रार्थनेचा विषय सांगायचा असतो. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातीची परीक्षा. मी शेजारच्या खोलीत काम करत होते. सासूबाईंची पाळी आली.

"माझ्या पोराची नवी नोकरी मोडू दे, एवढं मागा," त्या म्हणाल्या. "सुनेच्या कॉम्प्युटरात मी सोता बघितलंय. डोंगराच्या आत भिंती फुगत्यात, छत खाली येतंय. आन् ही हसऱ्या तोंडानं धाडतीय त्याला."

शेवटचं वाक्य मला फार लागलं. माझं टाळकंच सरकलं. तरी आमेन होईपर्यंत थांबण्याइतकं भान होतं. आमेन झालं तशी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या मधोमध जाऊन बसले. तीनशेचा आकडा सगळ्यांना दाखवला, तो खोडून तिथं एक लिहिला, ताण दाखवणारे रंग बंद केले आणि भूकंप सुरू केला.

बायका पुढे वाकल्या. स्क्रीनवर काहीच होईना.

"बंद पडलं जणू," वडगाव रासाईच्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या.

"चालू आहे, मावशी. मोठा भूकंप चालू आहे."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "म्हंजी काहीच हालत न्हाई, हे बघायला तू दिवसभर बसती व्हय?"

खोलीत जो हशा पिकला! मी स्वतः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी परत लावायला सांगितलं. हातात चहाचे कप घेऊन त्या सगळ्या चाळीस सेकंद एका न हलणाऱ्या चित्राकडे बघत राहिल्या आणि शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मोठमोठ्या हुशार लोकांपुढे मी हे काम दाखवलंय, टाळ्या त्याच दिवशी पहिल्यांदा मिळाल्या.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर कप गोळा करताना म्हणाल्या, "तीनशे पट, ते समजलं मला. पर तू रोज लोकांच्या पोरांचं बघती. ह्यो आपला हाय. आता सांग, धाडू का?"

'धाडा' म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला माझाच रिपोर्ट आठवला. त्यात मी 'हालचाल मर्यादेत' असं लिहून सही केली होती आणि गाढ झोपले होते. ती मर्यादा कुणासाठी, हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. लाज वाटली.

"मला दोन दिवस द्या, आई," मी म्हटलं.

आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कुठं कुठं लाल मातीची पातळ पट्टी असते. ती भिजून अगदी कमजोर झालीय, असं धरून मी तोच भूकंप पुन्हा दिला. मग दिशा बदलून दिला. मग छत धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्यांपैकी काही निकामी झाल्या असं धरून दिला. शनिवारी सकाळी उत्तर आलं. दालन उभं होतं, पण छताच्या एका कोपऱ्यातला दगड मला आवडणार नाही इतका सरकला होता.

मी पुण्याच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. तिथं लांब सळ्या घाला आणि त्या बसेपर्यंत कोपऱ्याखाली कुणाला जाऊ देऊ नका, म्हटलं.

"अहो, हे मर्यादेतच आहे," ते म्हणाले.

"सर, त्याच्याखाली माझा नवरा उभा राहणार आहे."

त्यांनी त्या कोपऱ्याचे सगळे आकडे मागवून घेतले. दुपारपर्यंत प्रकल्पावरून कोपरा बंद केल्याचा आणि सळ्या मंजूर झाल्याचा मेल आला. मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "आई, धाडा."

त्यांनी स्क्रीन बघायला मागितली नाही. "मग त्याचा स्वेटर कुठं हाय बघ," म्हणाल्या. "डोंगरात गारठा असंल."

आता तो तिथं रमलाय. आतल्या गारव्यापुढे शिरूरचा उन्हाळा सोसवत नाही म्हणून कुरकुरतो. भगिनी मंडळ दर बुधवारी मला विचारतं, आज काय हाललं का? नाही म्हणताना मला फार आनंद होतो.

मागच्या महिन्यात दुसऱ्या राज्यातल्या एका दालनाचं काम आलं. तिथलं कुत्रंसुद्धा माझ्या ओळखीचं नाही. तरी वेळापत्रकात मी पहिल्याच दिवशी ते जास्तीचे भूकंप धरले. साहेबांनी विचारलं, "इथं कोण आहे तुमचं?"

मी म्हटलं, "कुणाची तरी सासू असेलच की, सर."