शांततेची चेष्टा

वैजयंती घाटपांडेचा आवाज खडा. लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तेव्हापासून सगळे तिला एकच सांगत आले, हळू. नवरा म्हणायचा, भिंती पातळ आहेत. मुलगी म्हणायची, "आई, यार, सगळे बघतात." ती ऐकून घ्यायची. नवरात्रात मात्र कॉलनीच्या पार्कात मराठी बायकांचा भोंडला व्हायचा. मधे पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि गाणी सांगायला वैजयंती. तिथे तिला कुणी हळू म्हणत नसे.

यंदाचा तिचा इथला शेवटचा भोंडला. नवरा निवृत्त होणार, मग क्वार्टर सोडायचं. आणि नेमकी यंदाच कॉलनीचे सेक्रेटरी भसीन यांनी फाटकाशी पाटी लावली, 'शांति बनाए रखने की चेष्टा करें.' गाण्यांचा लोकांना त्रास होतो म्हणे.

खालच्या मजल्यावरची सुरुची कॉलेजसाठी पार्कातल्या आवाजांचा अभ्यास करत होती. ती म्हणाली, "काकू, मी लोकांना विचारलं, कशाचा त्रास होतो? बाहेरच्या रिंग रोडच्या गोंगाटाचं नाव कुणीच घेतलं नाही. तो आता त्यांना ऐकूच येत नाही. तुमची गाणी टोचतात, कारण शब्द कळत नाहीत."

"मग कळेपर्यंत म्हणू."

संध्याकाळी पाट मांडला. पहिलं गाणं संपतंय तोच भसीन आले.

"मॅडम, बोर्ड नहीं पढ़ा?"

"पढ़ा ना, भाईसाहब. चेष्टा ही कर रहे हैं."

फेरातल्या बायका हसून वाकल्या. हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीतली म्हणजे थट्टा. भसीनना हसण्याचं कारण कळेना आणि वैजयंतीने ते सांगितलं नाही.

"मैं गार्ड को बुलाता हूँ."

"बुलाइए. खिरापत सबके लिए है."

भसीन फाटकाशी जाऊन फोन लावू लागले. फेरात दुसरं गाणं सुरू झालं. बाहेर बसचे हॉर्न, स्कूटरींची घरघर. "हॅलो? हॅलो?" मोकळ्या कानात बोट घालून ते रस्त्यापासून आत सरकले. अजून थोडे आत. शेवटी फेराला जवळजवळ खेटून उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांचं बोलणं पलीकडे पोचलं.

"हाँ, अब ठीक है. अब सुनाई दे रहा है."

वैजयंतीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, शेजारणीचा हात घट्ट धरला आणि पुढचं कडवं आणखी वरच्या पट्टीत उचललं.