खाड्याच्या दिवशीची सुई

“क्षय तर आहेच, पण किडनीही नीट काम करत नाही,” रक्ताचा रिपोर्ट पाहून बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले. किडनी म्हणजे मूत्रपिंड, रक्त गाळणारं. म्हणून क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची सुई मला एक दिवसाआड मिळणार होती.

बाहेर येताच माझा थोरला भाऊ, दादा, भडकला. “बाकीच्याइले रोज सुई अन् तुले काऊन नाही? सरकारी औषध वाचवून राह्यले बे ते!”

मग खाड्याच्या दिवशी तेच औषध टोचायला दादा देऊळघाटच्या घरी एक सुईवाला आणू लागला. हा गडी कुठल्याशा डॉक्टरच्या हाताखाली राहिलेला. आमच्याच चहाच्या भांड्यात सुई उकळायचा, धोतराच्या सोग्याला पुसायचा आणि टोचायचा. मी नको म्हटलं, तर सगळे म्हणायचे, भावाची माया कळत नाही. शेजारीपाजारी दादाचं कौतुक करायचे. त्या भांड्यातला चहा मला पिववत नसे. आजही किळस येते.

तोंडाला मुताचा वास येऊ लागला. उलट्या सुरू झाल्या. भिंत धरल्याशिवाय चालता येईना, आणि कानात सतत शिट्टी.

“औषध लागू पडून राह्यलं,” दादा म्हणाला.

मी विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करतो. कुठला व्हॉल्व बिघडला ते मला आवाजावरून कळायचं. आता समोरचं इंजिन नुसतं हलताना दिसायचं. माझं पोट या कानांवर होतं. कुणाला न विचारता बस धरली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं.

डॉक्टर चिडले. “हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. तुमची किडनी ते हळू काढते, म्हणून खाडा दिला होता. कालचं शिल्लक असताना आजचं टोचलं की साचतं आणि कानांच्या नसा खातं. गेलेलं ऐकू येणं परत येईलच असं नाही.”

त्यांनी ती सुई बंद करून दुसरं औषध दिलं. क्षय बरा झाला. डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही. थोडं ऐकू येतं, पण इंजिन बंद केलं तरी शिट्टी चालूच असते.

दादा मात्र गावभर सांगतो, माझ्याच सुयांनी वाचला. परवा उंद्रीचा एक माणूस घेऊन आला, पाय सुजलेले, किडनीचंच दुखणं. “सांग याले, कसा वाचला तू.”

मी त्या माणसाला जवळ बसवलं. म्हटलं, “सुई देणाऱ्याले आधी किडनीचं सांगजो. अन् डॉक्टरनं खाडा सांगतला तर तो मोडू नको.”

दादा मागून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.