गवताच्या काडीची साक्ष

आमच्या पिंपरी पेंढारला झटक्याची तार चालू आहे का, हे बघायची रीत सोपी. ओली गवताची काडी घ्यायची, तारेला टेकवायची. बोटांना टिचकी बसली, की रानडुकरं मक्यात येत नाहीत.

आमच्या ह्यांना टिचकी बसेना.

झटक्याचं मशीन चुलत दिरांच्या घरी, तार दोघांच्या बांधावरून. झालं! "आपल्या बाजूची तार मशीनपासून सोडून ठेवतो तो," हे मला दबक्या आवाजात सांगायचे, जणू मक्याची कणसंही फितूर होती. मी काडी टेकवली, तर हात कोपरापर्यंत झिणझिणला. मग संशय माझ्यावर: "तुझं लई पटतं त्याच्याशी." मला तर नाटक रंगलेलं हवंच होतं. पण तार तोडून वेगळी करायला हे पक्कड घेऊन निघाले, तेव्हा माझं हसू मावळलं. तारेबरोबर भाऊही तुटला असता.

पक्कड त्यांच्या हातातून सुटली. उचलली, पुन्हा सुटली. धार काढताना ते बोटं झटकत असतात, ते तेव्हा मला आठवलं. ओतूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या लावल्या, मनगटावर बारीक झटका दिला आणि पडद्यावरची रेघ पाहिली.

"हे मशीन तरी चालू हाय का?" ह्यांनी विचारलं.

"चालू आहे, काका. बोटाची खबर नेणाऱ्या पेशीचं घर मानेजवळ. तिचा लांब धागा थेट बोटापर्यंत येतो. वर चरबीचं आवरण, मधे मधे उघड्या जागा. त्या प्रत्येक जागी क्षाराचे कण आत घुसतात, झटका नव्याने तयार होतो आणि उडी मारत पुढे जातो. तुमच्या मनगटात धागा दाबला गेलाय, आवरण झिजलंय. खबर उशिरा, तीही अर्धी पोचते."

"वर पोचली की थेट डोक्यात?"

"नाही. पेशी दुसऱ्या पेशीला चिकटलेली नसते. मधल्या फटीत ती रसायन सोडते, पुढची ते ओळखते."

"म्हणजे तिथं बी मधला माणूस," हे पुटपुटले.

मनगटाला पट्टा बांधून आलो. दीर बांधावरच उभे होते. ह्यांनी डाव्या हातात काडी धरली, टेकवली आणि टुणकन मागे सरले.

"काय पावणं, बसला झटका?" दिरांनी विचारलं.

"बसला." ह्यांनी पट्ट्याचा हात पुढे केला. "बिघाड ह्यात व्हता."

दिरांनी हात उलटसुलट पाहिला. "मग धार कोण काढणार? सकाळी मी येतो, वहिनी."

आले. हे गोठ्याच्या दाराशी चहाचा कप घेऊन उभे राहिले आणि दूध पुरतं निघतंय ना, म्हणून सारखे बादलीत डोकावत होते.